तुम्ही विचारलंत म्हणून: आता लग्न कशाला करायचं?

बेंगळुरूला नोकरीला गेलेल्या आमच्या बेळगाव-खानापूरच्या मुली सुट्टीला आल्या की विचारतात, "आक्का, दोघं नीट राहतोय, कमावतोय. मग लग्न कशाला?" मी वकील आहे, वारसाचे दावे चालवते. माझं उत्तर ठाम आहे: करा.

लग्नावाचून राहिलेल्या बायका आमच्या जिल्ह्यानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्यात. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुली. गळ्यात मणी बांधायचे, देवाशी लगीन लागलं म्हणायचं, आणि ज्याच्यापासून पोरं झाली तो पुरुष मोकळा. त्याच्या शेताच्या उताऱ्यावर तिचं नाव चढणार नाही, शाळेत पोराच्या बापाचं नाव विचारलं की ती खाली बघणार. कर्नाटकानं १९८२ च्या कायद्यानं मुली सोडायला बंदी घातली. अशा बाईनं लग्न केलं तर ते कायदेशीरच, हेही त्यात लिहिलंय, आणि मला ते कलम बंदीइतकंच मोलाचं वाटतं. लग्नाला बेडी म्हणणाऱ्यांनी या बायकांशी एकदा बोलावं.

तुमची गोष्ट वेगळी, मान्य. तुम्ही शिकलेल्या आहात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण दिलंय, ते फार चांगलं झालं. पण उद्या तो अपघातात गेला तर? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं, आई पहिल्या वर्गाचे वारस. नुसती सोबत राहिलेली त्यात कुठेच नाही. फ्लॅटचे हप्ते तिनं भरले असले तरी ते सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या तिनंच झिजवायच्या.

कर्ज काढून कार्यालय घेणं, पंगतींवर पंगती उठवणं, याला मात्र माझा विरोध आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार पुरतात, धर्म वेगळा असला तरी. ती नोटीस कचेरीत लावतात, म्हणून घरच्यांच्या धाकानं कितीतरी जोडपी कचरतात. ही अट जायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आणि लग्न कसंही लावलंत तरी नोंदणी कराच. आमच्या सोयरिकी चंदगड-गडहिंग्लजपर्यंत जातात. दोन राज्यांत कागद फिरवताना तो दाखला हाताशी असावा.

इतकं सांगूनही ज्यांना लग्न नकोच, त्यांनी निदान एकमेकांच्या नावे मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यासाठी माझी फीसुद्धा नको.