तुम्ही विचारलंत म्हणून: पार्किन्सन्समध्ये व्हीआरचे (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी जगातले) खेळ चालतील का?

"हेडसेट घेऊ का? कंप कमी होईल का?" पार्किन्सन्सच्या रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून हा प्रश्न नेहमी येतो. हेडसेट म्हणजे डोळे पूर्ण झाकून खेळातलं जग दाखवणारा मोठा चष्मा. कंपासाठी घेऊ नका. चालणं, तोल आणि आखूड होत गेलेल्या हालचाली यांच्यासाठी मात्र व्हीआरचे खेळ कामाला येतात, आणि त्यासाठी हेडसेटच हवा असं नाही.

2016 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'व्ही-टाइम' चाचणीत वारंवार पडणाऱ्या वृद्धांना ट्रेडमिलवर चालवलं होतं. त्यांत पार्किन्सन्सचे रुग्णही होते. समोर मोठा पडदा, त्यावर स्वतःच्या पावलांची हालचाल आणि ओलांडायचे अडथळे. आठवड्याला 3 वेळा, 6 आठवडे. पुढच्या सहा महिन्यांत हे लोक नुसत्या ट्रेडमिलवर चाललेल्यांपेक्षा कमी वेळा पडले. डोळे कुणाचेही झाकलेले नव्हते, हे लक्षात घ्या. पार्किन्सन्समध्ये माणूस तोलासाठी डोळ्यांवर फार विसंबतो आणि हेडसेट नेमका पायाखालचा जमिनीचा आधार नजरेआड करतो. म्हणून चालताना पाऊल अचानक जागीच गोठत असेल किंवा अलीकडे पडणं झालं असेल, तर पडद्यावरचाच खेळ बरा. हेडसेट वापरायचाच झाला तर बसून, बिनचाकांच्या भक्कम खुर्चीत.

खेळ लिव्होडोपाची (पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधाची) गोळी लागू पडल्यावर, साधारण तासाभराने. त्याआधी एकदा रक्तदाब बघा: 5 मिनिटं आडवं पडून, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर उभ्याने खेळ नको, आधी डॉक्टरांना सांगा. भास होत असतील किंवा डीबीएसचं (मेंदूला विजेचे सौम्य झटके देणारं) यंत्र बसवलेलं असेल तरीही त्यांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नका. हेडसेट आणि कंट्रोलरमध्ये (हातात धरायच्या रिमोटमध्ये) लोहचुंबक असतात, त्यांचा त्या यंत्राला त्रास होऊ शकतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो उंची मोजताना. बरेच खेळ सुरुवातीला हेडसेट जमिनीपासून किती वर आहे ते बघून उंची ठरवतात. रुग्ण तेव्हा वाकून उभा असेल, तर पुढची सगळी लक्ष्यं खाली येतात आणि खेळ पोक काढायचाच सराव देतो. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून उंची मोजा, किंवा ती हाताने भरा. दुसरी फसगत गुणांची. बॉक्सिंगसारख्या खेळात नुसतं मनगट हलवलं तरी गुण मिळतात, आणि पार्किन्सन्समध्ये हालचाल मुळातच लहान होत जाते. लक्ष्यं लांब ठेवा, वेग कमी करा, प्रत्येक ठोशाला कोपर पूर्ण सरळ होऊ द्या. गुण कमी पडले तरी चालतील.

लक्ष्यं समोरूनच येणारा खेळ निवडा. गर्रकन वळायला लावणारे खेळ बाद, कारण वळतानाच पाय गोठतात. मागे पाऊल टाकायला लावणारेही नकोत. खेळातलं जग आपोआप पुढे सरकत असेल तर डोळे म्हणतात 'चाललोय' आणि आतला कान म्हणतो 'उभा आहे'. मळमळ तिथूनच सुरू होते. मळमळलं की लगेच थांबा, रेटू नका. पहिल्या दिवशी 5 मिनिटं पुरेत, मग हळूहळू 15-20.

जागा निदान दोन मीटर बाय दोन मीटर, सतरंजी, वायर उचललेल्या. सोबतच्याने एक पाऊल मागे आणि बाजूला उभं राहून रुग्णाच्या कमरेचा पट्टा धरावा. दंड धरला तर हात अडतो आणि ठोसाही बसतो. हेडसेटमधलं दृश्य टीव्हीवर दिसू द्या, म्हणजे पुढे काय येणार ते त्यालाही कळतं. कंपामुळे मेनूतला बाण थरथरतो, तेव्हा खेळ सोबतच्यानेच लावून द्यावा. कंट्रोलरची दोरी मनगटात असायलाच हवी.

आठवड्यातून एकदा, गोळीनंतर ठरलेल्या वेळी, घरातलं एकच ठरावीक अंतर चालून पावलं मोजा. सहा आठवड्यांत गुण वाढले आणि पावलं तेवढीच राहिली, तर रुग्ण फक्त तो खेळ शिकला आहे. खेळ बदला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.