पत्त्यांचा कॅट

परवा दुपारी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात पत्त्यांचा कॅट मागितला. दुकानदाराने तो वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळून दिला. माझ्या आधीच्या बाईंना कंपासपेटी तशीच उघडी दिली होती. "गणपतीला वेळ आहे अजून," तो म्हणाला. गणपतीत जागरणाला पत्ते चालतात. बाप्पासमोर रात्रभर कुटले तरी कोणी हूं की चूं करत नाही. एरवी भर दुपारी बाईमाणूस कॅट विकत घेतं म्हणजे घरी कामधंदा नसणार.

आमच्या घरी पत्ते मे महिन्यात माळ्यावरून उतरायचे आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत वर जायचे. दिवेलागणीला डाव मोडायचा, हा आजीचा नियम. लक्ष्मी यायच्या वेळेला पानं पसरलेली दिसली तर ती म्हणे उंबऱ्यावरूनच परत फिरते. आजोबांचं हत्यार वेगळं. "धर्मराजाचं काय झालं?" धर्मराज फाशांनी हरला, पत्त्यांनी नव्हे, हे त्यांना सांगायची कोणाची छाती होती?

त्या कॅटात चौकटची तिर्री नव्हती. तिच्या जागी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा, एका बाजूला निळ्या पेनाने काढलेला ३ आणि एक वाकडा चौकट. पालथी धरली की मागे 'सहकुटुंब सहपरि' एवढं वाचता यायचं, त्यामुळे तिर्री कोणाकडे आहे हे साऱ्या ओसरीला ठाऊक. आत्याच्या वाट्याला आली की ती पहिल्या संधीला टाकून द्यायची. "जा बाई, तुझं पितळ उघडंच आहे!"

आत्या हायस्कुलात गणित शिकवायची. मेंढीकोटात कोणाकडे कोणती दश्शी दडली आहे, हे तिला तीन-चार हातांतच कळलेलं असे. पानं ती हातात पसरून धरत नसे. एकदा बघायची, लावायची, मिटून मांडीवर पालथी ठेवायची आणि वेळ आली की न बघता नेमकं तेच पान काढायची. हुकूम मारताना मात्र सगळा मास्तरणीपणा गळून पडायचा. सतरंजीवर असा हात आपटायची की खालची धूळ उडावी. पुढे कधीतरी वाचलं, सुप्रीम कोर्टाने १९६७ साली रमीला कौशल्याचा खेळ मानलं, कारण पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात. आत्या म्हणाली असती, एवढ्यासाठी दिल्लीपर्यंत कशाला, आमच्या ओसरीवर यायचं.

पण दाराची कडी वाजली की सगळ्यात आधी तीच उठायची. पानं सतरंजीखाली आणि मांडीवर निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट. एखाद्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी बघितलं तर? तिच्याच शाळेतले मास्तर पारावर बसून राजरोस रमी खेळत. त्यांना कोणी नावं ठेवल्याचं मी ऐकलं नाही.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या काळचे पत्ते, रंगवताना बघितल्या. गोल पानं, लाखेची चकाकी. दशावतारी गंजिफेत एकशेवीस पानं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, एकेकाची बारा पानं. म्हणजे प्रत्यक्ष विष्णू पिसला जायचा, वाटला जायचा आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. आता त्याच गंजिफा लोक फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. भिंतीवर लटकवला की पत्ता कलाकुसर होतो! पदक मिळालं तरी चालतं. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत साठीच्या प्रणव बर्धन यांनी शिबनाथ सरकारांबरोबर ब्रिजचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा आमच्याकडे पत्त्यांना बुद्धीचा खेळ म्हणणारे बरेच निघाले. मला पदक नको आहे. फ्रेमही नको. मला जेवण झाल्यावर, भांडी पडलेली असताना, एकटीने खेळायचा पेशन्स लावायचा आहे.

आजीची भीती अगदीच खोटी होती असंही नाही. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने रमीच्या ॲपवर वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घालवले. कोणाला पत्ताच लागला नाही. पोरगा खोलीत मोबाइल घेऊन बसलेला, म्हणजे काहीतरी कामाचंच करत असणार. त्या ॲपच्या जाहिराती टीव्हीवर दिवसाढवळ्या लागायच्या, नटनट्या हसतहसत खेळायला बोलवायच्या. त्या कोणी कागदात गुंडाळल्या नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला. तोवर त्या घरातला फंड संपला होता. आणि आत्याने जन्मात एक पैसा लावला नाही, चिंचोक्यांवर खेळली, तीही कडीचा आवाज ऐकत.

मी हल्ली पानं लपवत नाही. टेबलावर मांडलेली राहू देते. काल भाचा आला, थोडा वेळ बघत उभा राहिला, मग म्हणाला, "मावशी, हे मोबाइलवर फुकट मिळतं. पिसायचीही कटकट नाही."

म्हटलं, अरे, पिसायलाच तर बसते मी.