कोर्टाने पाठवलेला बाप

कॅलिफोर्नियातलं सॅन होजे म्हटलं की आपल्याकडे कंपन्या आणि एच-वन-बी आठवतात. शहराचा पूर्व भाग मात्र मेक्सिकन कुटुंबांचा. शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ इथल्याच एका वस्तीत राहायचे. 'साल सी पुएदेस' तिचं नाव, म्हणजे 'जमलं तर नीघ बाहेर'!

याच शहरात 'नॅशनल कॉम्पाद्रेस नेटवर्क' ही संस्था आहे. जेरी टेयो आणि काही लॅटिनो पुरुषांनी १९८८ मध्ये सुरू केलेलं काम. बाळाचा बाप आणि बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता हे एकमेकांचे कॉम्पाद्रे. पोराची काळजी दोघांनी वाहायची. संस्थेचं ब्रीद 'ला कुल्तुरा कुरा', संस्कृतीच औषध. पुरुष गोलाकार बसतात, एकेक जण बोलतो, बाकीचे मध्ये तोंड घालत नाहीत आणि तिथलं बोलणं बाहेर जात नाही.

आमच्या ऑफिसच्या कँटीनमधला एक जण अशाच एका वर्तुळात जातो. पूर्वी कोर्टाने त्याला पालकत्वाच्या वर्गाला धाडलं होतं. "तिथे सही करायची, मागे बसायचं, घरी यायचं," तो सांगत होता. वर्तुळात मात्र पहिला प्रश्न आला, तुझे आजोबा कसे होते? हा गडी अर्धा तास बोलला म्हणे. पुढे कधीतरी पोराला "चुकलं माझं" म्हणाला. "आमच्या गावात बाप असं म्हणत नाही," हे सांगताना कांदा चिरणारा त्याचा हात थांबला नाही.

त्याचे आजोबा ब्रासेरो, म्हणजे कराराने आणलेले मेक्सिकन मजूर, होते. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने मेक्सिकोतून शेतमजूर आणले, करार झाले सुमारे ४६ लाख. पुरुष तेवढे हवे होते, बायकापोरं गावीच. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरांना हे वेगळं सांगायला नको. बाप म्हणजे मनीऑर्डर.

संस्कृतीनेच सगळं बरं होतं, हे मला पटत नाही. पट्ट्याने मारणंही वाडवडिलांकडूनच आलेलं असतं. संस्थेची मांडणी अशी की, मर्दानगीचा तो माज ही संस्कृती नव्हे, ती परकीयांनी जिंकल्याची जखम. अर्धं खरं असेल. पण शब्दाला जागणारा 'ओम्ब्रे नोब्ले', म्हणजे सज्जन पुरुष, घडवायचा म्हटलं तर त्याच्या घरातल्या बाईला काय वाटतं हेही विचारायला हवं. मुलींसाठी त्यांचा 'शिनाच्त्ली' नावाचा वेगळा कार्यक्रम आहे, त्याबद्दल माहिती काढतो आहे.