तुम्ही विचारलंत म्हणून: हा जॅक याच गाडीचा, कशावरून?

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मी माझ्या फोक्सवॅगन बीटलचं पुढचं झाकण उघडतो. लोक आधी इंजिन शोधतात, ते मागे असतं हे कळल्यावर हसतात, आणि मग कुणीतरी स्टेपनीमागच्या जॅककडे बोट दाखवून विचारतं, "हा ओरिजिनल आहे का? कशावरून?" गर्दीत उभ्या उभ्या मी "हो, बराचसा" एवढंच म्हणतो. ते उत्तर मलाच पुरत नाही, म्हणून आज सविस्तर सांगतो.

जॅक ओळखायला बसलात तर जॅक बाजूला ठेवा, आधी गाडी ओळखा. माझं आरसी बुक १९६६ म्हणतं, पण ते नोंदणीचं वर्ष झालं. बीटलचा खरा चॅसी नंबर मागच्या सीटखाली, गाडीच्या तळाच्या मधोमध लांबवर गेलेल्या उंचवट्यावर, म्हणजे बोगद्यावर, ठोकलेला असतो. सीट उचलायची, धूळ पुसायची आणि टॉर्च तिरका धरून वाचायचं. माझा नंबर ११५ ने सुरू होतो. फोक्सवॅगनने ऑगस्ट १९६४ पासून नंबरांची नवी पद्धत आणली. त्यात ११ म्हणजे गाडीचा प्रकार आणि ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल. कारखान्याचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्येच सुरू व्हायचं, त्यामुळे १९६५ ची गाडी १९६४ मध्ये बनलेली असू शकते. माझी तशीच निघाली. फोक्सवॅगनचा कारखाना जर्मनीत वोल्फ्सबुर्गला. तिथल्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून गाडीचा जन्मदाखला, म्हणजे ती कधी बनली याचा कागद, मागवता येतो. तो मागवला, तर त्यात नोव्हेंबर १९६४ आलं.

आता गाडीखाली वाका. बीटलला चाकं चार, पण जॅक लावायच्या जागा दोनच, प्रत्येक बाजूला एक. फूटबोर्डाखाली, मागच्या चाकाच्या जरा पुढे, एक चौकोनी नळी असते. इंजिनाचं सगळं ओझं मागे, म्हणून जागाही तिथे. नीट उचललं की त्या बाजूची दोन्ही चाकं जमीन सोडतात. या नळीत जॅकची चौकोनी खुंटी आतपर्यंत जायला हवी. बाकी रंग, गंज, दुकानदाराची शपथ, सगळं नंतर.

हे मी चुकून शिकलो. गाडी घेतल्याच्या पहिल्याच वर्षी मी एका विक्रेत्याकडून जॅक घेतला. अंगावर बिल्स्टाइन या जॅक बनवणाऱ्या जर्मन कंपनीचं नाव होतं आणि "बीटलचाच आहे" असं छातीठोक सांगितलं गेलं. खुंटी गोल होती. चौकोनी नळीत ती गेली, थोडी खुळखुळली, आणि मी मनाची समजूत घातली. गाडी चार बोटं उचलली गेली, जॅकचा उभा दांडा कलला आणि सगळी बाजू धप्पकन खाली आली. माझा हात चाकाच्या नटावर होता, गाडीखाली नव्हता. नळीची कड मात्र वाकली. बिल्स्टाइन एका गाडीपुरते जॅक बनवत नव्हती. मर्सिडीजलाही त्यांचेच जॅक जात, आणि लांबून ते भावाभावांसारखे दिसतात. नाव जुळलं तरी खुंटी जुळेलच असं नाही.

त्यानंतर मी सागवानाचा एक तुकडा तासून नळीचा फर्मा केला. बोटभर लांब, चारी कडा नळीत घट्ट बसतील असा. तो खिशात घालून दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचो. बुधवारीही बाजार असतो, पण कामामुळे जमायचं नाही. जवळजवळ दोन वर्षांनी, बिजागऱ्या आणि सायकलच्या चेनच्या ढिगाखाली हा दांडा दिसला. मी खुंटीशेजारी फर्मा धरला. रुंदी तीच, कडाही तशाच. भंगारवाले काका म्हणाले, "मालक, लाकूड घेऊन लोखंड मोजताय?" मी घासाघीस न करता पैसे दिले.

घरी आणून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला. सकाळी पितळी ब्रशने घासायला लागलो, तर चांदीच्या रंगाखाली हिरवा, हिरव्याखाली काळा. दांड्यावर चढणाऱ्या भागाच्या, म्हणजे घोड्याच्या, बाजूला रंग सुटला आणि आकडे दिसले, ९/६४. सप्टेंबर १९६४. गाडीच्या दोन महिने आधी! मी बायकोला हाक मारून दाखवलं. तीही हातातली पिशवी खाली ठेवून वाकून बघत राहिली.

ही तारीख वाचताना एक हिशेब पक्का ठेवा. जॅक गाडीच्या आधीचा हवा, आणि थोडाच आधीचा. माझ्या जॅकवर ३/६५ असतं तर तो कितीही सुंदर असला तरी बाद, कारण गाडी तोवर बनून गेली होती. ६१ असतं तरी माझा विश्वास बसला नसता. कारखाना रोज गाड्या बाहेर काढत असताना जॅक तीन वर्षं कपाटात का पडून राहील?

आता त्या "बराचसा"चा खुलासा. हा जॅक माझ्या गाडीसाठी योग्य आहे, तिच्या प्रकारचा आणि तिच्या महिन्यांचा. पण वोल्फ्सबुर्गहून माझ्याच गाडीबरोबर निघालेला जॅक हा नव्हे, तो कधीच हरवला. जॅकवर गाडीचा नंबर नसतो. त्यामुळे गाडी एकाच घरात राहिली असेल आणि जॅक जागचा हलला नसेल, तेव्हाच त्याला तिचा स्वतःचा म्हणता येतं. विकणारे दोन्हींना ओरिजिनल म्हणतात आणि दुसऱ्याची किंमत पहिल्याला लावतात, ते मला पटत नाही. विकत घेताना यातला कुठला, हे स्पष्ट विचारा.

वापरतो का? वर्षातून एकदा, सपाट जमिनीवर, पलीकडच्या चाकांना अडण्या लावून. टॉमी, म्हणजे जॅक चढवायची सळई, दाबली की घोडा कट् कट् करत वर चढतो, तो आवाज मला आवडतो. गाडीखाली शिरायचं असेल तर ट्रॉली जॅक आणि खाली स्टँड, त्याला पर्याय नाही. साठ वर्षांच्या पत्र्यावर आणि साठ वर्षांच्या दांड्यावर जीव टांगू नका. पावसाळ्यांनी हा पत्रा आतून खाल्लेला असतो, वरून कळत नाही.

सागवानी फर्मा अजून डिकीत आहे. तुमची बीटल असेल आणि जॅक शोधत असाल तर मेळाव्यात भेटा, त्यावरून माप काढून घ्या. फक्त तो आधी तुमच्या नळीत घालून बघा. माझी एक बाजू त्या पडझडीनंतर नव्याने वेल्ड केलेली आहे, म्हणून फर्मा मी दुसऱ्या, न वाकलेल्या बाजूवरून तासला होता.