कौशिकाचं खरं बोलणं

आज संध्याकाळी रामबागेत आईकडे गेले. चहा गार झालेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि मांडीवर कर्णपर्व. "बस, हे ऐक आधी," म्हणाली.

कौशिकाची गोष्ट होती. कायम खरं बोलायचं व्रत घेतलेला तपस्वी. दरोडेखोरांना भिऊन माणसं रानात लपली. दरोडेखोरांनी विचारलं, यानं खरं ते सांगून टाकलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो ही गोष्ट.

मला हार्लेमचं टेन बूम कुटुंब आठवलं, तिला त्यांची गोष्ट सांगितली. घड्याळं दुरुस्त करणारी, रोज बायबल वाचणारी डच माणसं. नाझींच्या काळात त्यांनी घरातल्या मुलीच्या, कोरीच्या, खोलीत विटांची खोटी भिंत घातली आणि तिच्यामागे ज्यूंना लपवलं. २८ फेब्रुवारी १९४४ ला धाड पडली. कोरीनं मार खाल्ला, पण जागा सांगितली नाही. भिंतीमागचे सहा जण सापडलेच नाहीत. ८४ वर्षांचे वडील कॅस्पर दहा दिवसांत कैदेत वारले. बहीण बेट्सी त्याच डिसेंबरात राव्हेन्सब्रुकच्या छावणीत.

खोटं बोलू नये हे त्यांच्याही धर्मात आहेच. तरी दारात जीव मुठीत धरून उभ्या माणसापुढे कुठली आज्ञा मोठी, हे त्यांना श्रद्धेनंच सांगितलं, असं मला मनापासून वाटतं.

आई बराच वेळ गप्प होती. मग पोथी मिटून समईत तेल घालायला उठली.

"त्या बाबांचं नाव काय म्हणालीस? परत सांग."