न घेणाऱ्या बाईचा कोटा

विमान लेट, गेटपाशी एकही खुर्ची रिकामी नाही, आणि दुपारची अशी वेळ की पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. अशा वेळी माणूस ड्यूटी फ्रीत, म्हणजे विमानतळावरच्या करमुक्त दुकानात, शिरतो. शिरतो तरी कशाला म्हणायचं? हल्ली तपासणीतून पट्टा नि बूट सावरत बाहेर पडलं की गेटकडची वाटच दुकानातून काढलेली असते. तीही सरळ नाही, वळणं घेत जाणारी. अत्तरांचे फवारे चुकवत, चॉकलेटांना वळसा घालत आपण आपसूक दारूच्या कपाटांसमोर येऊन उभे राहतो.

तिथे एक गृहस्थ होते. बाटली उचलायची, किमतीच्या पट्टीचा फोटो काढायचा, कुणाला तरी पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत ती बाटली तान्ह्या बाळासारखी कुशीत धरून थांबायचं. उत्तर आलं की बाटली परत कपाटात आणि दुसरीचा फोटो. असं बराच वेळ चाललं होतं. शेवटी वैतागून त्यांनी मलाच विचारलं, "मॅडम, बाहेरच्यापेक्षा ही महाग दिसतेय की हो?"

"ही लिटरची आहे," मी म्हटलं, "बाहेर पाऊण लिटरची मिळते. भागून बघा."

त्यांनी भागलं. चेहरा उजळला. मग माझ्याकडे जरा वेगळ्याच आदराने बघितलं. मी घेत नाही, कधी घेतलेली नाही, हे त्यांना सांगत बसले नाही. सांगून पटलंही नसतं.

पण मला हे सगळं पाठ आहे, कारण आमच्या घराण्यात न घेणारी आणि प्रवास करणारी अशी मी एकटीच. म्हणजे माझा कोटा, कर न भरता माणशी जेवढा माल आणता येतो तो, कायम रिकामा. तिकीट निघाल्याची बातमी फुटायचा अवकाश, धाकट्या दिरांचा फोन येतो. आधी माझी तब्येत, मग मुलांचे अभ्यास, मग हवामान, आणि ठेवता ठेवता, "वहिनी, तुमचा कोटा आहे ना?" जणू कोटा ही माझ्या नावावर पडून असलेली जमीन आहे आणि मी ती कसत नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

गंमत म्हणजे वाईट मलाही वाटतं. कुणी काही सांगितलेलं नसलं, तरी कस्टमच्या ग्रीन चॅनलमधून, म्हणजे कर भरण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, रिकाम्या हाताने बाहेर पडताना काहीतरी फुकट गेल्यासारखं वाटतं. हक्काचं होतं, ते तसंच सोडलं! जी वस्तू मला नको, ती स्वस्तात न घेतल्याची ही हळहळ. यावर औषध नाही.

आणि हे कोटे तरी किती परीचे! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्याला एक लिटर कडक दारू, ब्रिटनमध्ये २०२१ पासून चार लिटर, ऑस्ट्रेलियात सव्वादोन लिटर. सिगारेटींचं तर विचारूच नका. कुठे दोनशे, न्यूझीलंडमध्ये पन्नास, ऑस्ट्रेलियात पंचवीस, हाँगकाँगमध्ये एकोणीस. एकोणीसच का? वीसचं पाकीट घेऊन येणाऱ्याने विसावी विमानात चढण्याआधी ओढून यावी, असा हिशेब असावा असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. सिंगापूरमध्ये शून्य. तिथे एका सिगारेटीवरही कर भरायचा. शिवाय ऑस्ट्रेलिया नि ब्रिटनसारख्या ठिकाणी मर्यादा ओलांडली तर वरच्या भागावर नव्हे, त्या प्रकारच्या सगळ्या मालावर कर बसतो. ज्याला "एक जास्त घेतली तर काय होतंय" असं वाटतं, त्याला हे आधी सांगावं.

परवडतं का, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की उत्तर आता न थांबता देता येतं. वाइन नि बिअर उचलू नका. त्यांच्यावर बहुतेक देशांत कर तुलनेने कमी, त्यामुळे वाचतं थोडं आणि वजन मात्र पुरेपूर. कर खरा बसतो तो कडक दारूवर आणि तंबाखूवर, तेव्हा फरकही तिथेच. 'फक्त प्रवाशांसाठी' असं लिहिलेल्या बाटल्यांपुढे जरा थांबा. त्यांतल्या पुष्कळशांवर व्हिस्की किती वर्षं मुरली तो वयाचा आकडा नसतो, नुसतं भारदस्त नाव असतं, आणि ती बाटली बाहेर मिळतच नसल्यामुळे स्वस्त की महाग हे ताडून बघायची सोय नसते. काउंटरवरचं यंत्र "तुमच्या चलनात पैसे द्यायचे का?" असं गोड विचारतं, त्याला नाही म्हणा, तो दर सहसा त्यांच्या फायद्याचा असतो. आणि वाटेत विमान बदलायचं असेल तर पहिल्या विमानतळावर बाटली घेऊच नका. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघड झाल्यापासून हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली न चालण्याचा नियम आला आणि ड्यूटी फ्रीची बाटली सीलबंद पिशवीत गेली. ती पिशवी मधल्या विमानतळावर चालेलच असं नाही. आमच्या एका भाच्याने तपासणीच्या टेबलावर एक उत्तम बाटली सोडून दिली आहे. तो विषय अजून घरात काढायचा नसतो. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशेजारी दुकान असेल, तर तिथूनच घेतलेली बरी.

हे एवढं सगळं सांभाळून जे वाचतं, ते वाचतं कुणामुळे? दुकानदार उदार झालेला नसतो. विमानतळ त्याच्याकडून भरभक्कम वाटा घेतो, तो किमतीत येतोच. आपल्या देशाने त्या वस्तूवर किती कर लावलाय, त्यावर आपली बचत ठरते. त्यामुळे एकाच कपाटापुढे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला ती बाटली लुटीचा माल वाटते आणि दुसरा "एवढ्याला तर आमच्याकडे कोपऱ्यावर मिळते" म्हणून पुढे जातो. दोघंही बरोबर असतात.

या सगळ्याची सुरुवात आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर झाली, १९४७ साली. तेव्हाच्या विमानांना एका दमात अटलांटिक झेपत नसे. इंधनासाठी तिथे उतरावंच लागे. प्रवासी पाय मोकळे करायला खाली येत. ब्रेंडन ओ'रीगन या माणसाच्या डोक्यात आलं की हे लोक धड आपल्या देशात आलेले नाहीत, धड गेलेलेही नाहीत, तर यांना कर कशाला? पुढे जेट विमानं आली, थांबायची गरज संपली, पण दुकान राहिलं. कंटाळलेला प्रवासी आणि पैशाचं पाकीट एकत्र आल्यावर काय होतं ते एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं.

चक फीनी नावाच्या अमेरिकन माणसाला तर फारच चांगलं कळलं. भूमध्य समुद्रातल्या बंदरांवर अमेरिकी नौसैनिकांना करमुक्त दारू विकता विकता त्याने भागीदाराबरोबर १९६० मध्ये हाँगकाँगमध्ये कंपनी काढली आणि अब्जावधी डॉलर मिळवले. मग जवळजवळ सगळे दान करून टाकले. स्वतः मनगटावर स्वस्तातलं प्लास्टिकचं घड्याळ बांधायचा आणि वर्षानुवर्षं इकॉनॉमीतून उडायचा. आपण ज्याच्या दुकानात घड्याळं बघत रेंगाळलो, त्याला घड्याळ म्हणजे वेळ दाखवणारं यंत्र एवढंच वाटत होतं, हे मला फार आवडतं.

आणि माणसं या सवलतीसाठी काय काय करतात! युरोपियन युनियनने आपल्या देशांमधल्या प्रवासावरची ड्यूटी फ्री १९९९ च्या मध्याला बंद केली. पण फिनलंडची ऑलंड बेटं युनियनच्या करव्यवस्थेच्या बाहेर. म्हणून स्टॉकहोम–हेलसिंकी बोटी रात्री त्या बेटांवरच्या मारीहाम्नच्या धक्क्याला लागून जातात. प्रवासी केबिनमध्ये घोरत असतात. पण त्या धक्क्याला बोट टेकली की जहाजावरचं दुकान कायद्याने करमुक्त. अख्खं जहाज वाट वाकडी करून बेटाला शिवून येतं, मग दिरांच्या एका फोनचं काय घेऊन बसायचं.

जहाजावरून मामा आठवला. तो मर्चंट नेव्हीत होता. तो आला की बॅग दिवाणखान्याच्या मधोमध उघडायची, हा अलिखित नियम. मोठी माणसं बाटल्यांकडे बघायची, आम्ही मुलं बाटल्यांच्या नळकांड्यांकडे. ती जाड पुठ्ठ्याची, पत्र्याच्या झाकणाची नळकांडी कुणाच्या वाट्याला यायची यावरून आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. माझ्याकडे एक होतं, त्यात मी रंगीत खडू ठेवायचे, आणि चित्रकलेच्या तासाला झाकण उघडलं की वर्गात एक उग्र, गोडसर वास पसरायचा. बाईंनी कधी काही विचारलं नाही, पण नाक मात्र वर व्हायचं. बाटली कपाटात जायची, 'खास दिवसासाठी'. तो खास दिवस कधी आल्याचं मला आठवत नाही. लग्नं झाली, बारशी झाली, बाटली तिथेच.

सिगारेटी मात्र कधी उरत नसत. जहाजावर 'बाँड' असतो, करमुक्त मालाची खोली. बंदरात असताना कस्टमवाले तिला सील ठोकतात आणि जहाज समुद्रात गेलं की कॅप्टन त्यातून खलाशांना माल देतो. मामा सांगायचा, तिथे कार्टन, म्हणजे पाकिटांचं अख्खं खोकं, इतकं स्वस्त पडायचं की पाकीट मोजून ओढणं कंजूषपणाचं वाटे. महिनोन्महिने समोर पाणी, हातात ड्यूटी नसेल तेव्हा सिगारेट. घरी सगळे म्हणायचे, नशीबवान आहे. लोक एका पाकिटासाठी किती मोजतात आणि याला जवळजवळ फुकट!

नोकरी सोडल्यावर त्याला दुकानातल्या भावाने सिगारेट घेणं जमेना, म्हणून येणारे-जाणारे आम्ही त्याच्यासाठी कार्टन आणायचो. मीही आणली. जिने चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबायला लागला होता तेव्हाही आणली, कारण तो मागायचा आणि खूश व्हायचा. पुढे घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. मग मागणंही थांबलं.

तंबाखूवर कर असतो तो नुसता तिजोरी भरायला नसतो. महाग झाली की माणसं कमी ओढतात, पोरं सुरूच करत नाहीत, म्हणूनही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखूविषयक करारात तर प्रवाशांच्या करमुक्त तंबाखूवर बंदी किंवा मर्यादा घाला असं कलमच आहे. दोनशेचे पन्नास, पन्नासचे पंचवीस होतात ते त्यामुळेच.

दिरांना यातलं काही मी सांगितलेलं नाही. बाटली आणते. कार्टनचं विचारलं की कोटा भरला म्हणते. "कुणाचं आणलंत एवढं?" ते विचारतात. सासरकडचं कुणाचं तरी नाव सांगते आणि विषय बदलते.