खुर्चीतून उठणं

वडोदरा, मंगळवार

दांडिया बाजारातल्या घरांत हमखास विचारलं जातं, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या आजोबांची स्मृती व्यायामाने परत येईल का? नाही. इंग्लंडमध्ये डिमेन्शियाच्या ४९४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले: दमसास वाढला, विसरण्याचा वेग काही कमी झाला नाही. तरीही व्यायाम हवा, कारण संडासातून स्वतःचं स्वतः उठता येणं ही घरात फार मोठी गोष्ट असते.

म्हणून सुरुवात खुर्चीपासून. हातांची, बिनचाकांची, पाठ भिंतीला टेकवलेली. बैठक गुडघ्याइतकी उंच. कमी पडली तर सतरंजीची घडी घालावी. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, अंग पुढे झुकलेलं, नाक पायांच्या अंगठ्यांच्या वर आलं की उठायचं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. पाय पुढे पसरलेले, धड मागे रेललेलं, आणि मुलगा काखेत हात घालून ओढतोय! त्याने खांदा दुखावतो आणि आजोबा घाबरून आणखी मागे रेलतात.

सूचना एका वेळी एकच. “पाय मागे घ्या.” मग चार-पाच सेकंद गप्प राहायचं, मेंदूला तेवढा वेळ लागतो. समोर बसून आपणही तेच करून दाखवावं. पाच वेळा उठबस, विश्रांती, पुन्हा पाच, एक दिवसाआड. दहा वेळा सहज जमलं की हातांचा आधार कमी करायचा. श्वास कोंडू नये म्हणून आकडे मोठ्याने म्हणायचे. उभं राहिल्यावर गरगरलं तर लगेच बसवायचं आणि रक्तदाब बसून व उभ्याने, दोन्ही मोजायचा.

जुम्मादादा व्यायाम मंदिरात तरुणपणी लेझीम खेळलेल्यांना नवा व्यायाम शिकवण्यापेक्षा हातात लेझीम द्यावी. नावं विसरलेल्या माणसाचे हातपाय ठेका धरतात, कारण अंगवळणी पडलेलं बरंच उशिरा जातं.

वेळ सकाळची, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून. तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढते, तेव्हा आग्रह नको. चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते, काळं पायपुसणं खड्डा वाटतो. पाऊल अडतं ते हट्टाने नव्हे. मे महिन्यात कमाटीबागेतली फेरी सातच्या आत उरकावी आणि पाणी मागायची वाट न पाहता द्यावं.

दुखतंय हे ते सांगतीलच असं नाही. कपाळाला आठ्या, एकच पाय जपणं, हात झटकणं, यातलं काही दिसलं तर त्या दिवशी बंद. छाती धरली, धाप लागली तर मात्र थेट दवाखाना.